‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ म्हणजे नेमकं काय?

२०२५च्या नोव्हेंबरात इन्स्टाग्रामवर एक लाट आली होती. मोठमोठ्या कंपन्या लेटरहेडवर ‘जाहीर माफीनामा’ टाकत होत्या. दुरून पाहिलं तर खरी माफी वाटायची. आत वाचलं की कळायचं, आमचा माल इतका चांगला आहे की तुम्हाला त्याची सवयच लागली, त्याबद्दल क्षमा असावी! गाड्या बनवणारे, फरसाण विकणारे, सिमेंटवाले, सगळे त्यात उतरले. ती जाहिरात होती. त्याला महिना झाला नाही तोच, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजारावर विमानं उडाली नाहीत. लोक विमानतळावर बॅगांवर डोकी टेकून झोपले आणि त्यांच्या मोबाइलवर पुन्हा माफीनामा आला. या वेळी तो खरा होता. पण दोन्ही माफीनामे दिसायला जवळपास सारखेच.

विमानाशी आपला काय संबंध, असं लातूर-हिंगोलीच्या वाचकाला वाटेल. संबंध आहे. माझ्या परभणीच्या मावसभावानं एप्रिलच्या उन्हात ऑनलाइन कूलर मागवला. पेटी उघडली तर पाण्याची टाकी खालून तडकलेली. त्यानं फोटो काढून कंपनीला टॅग करून पोस्ट टाकली. अकरा मिनिटांत उत्तर: ‘प्रिय ग्राहक, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. कृपया आपला तपशील डीएम करा.’ डीएम म्हणजे सगळ्यांना न दिसणारा खासगी निरोप. भाऊ खूश झाला. एवढी मोठी कंपनी आणि अकरा मिनिटांत माफी! पुढच्या तीन आठवड्यांत त्याला तेच वाक्य नऊ वेळा आलं. शेवटी त्यानं मला फोन केला. म्हणाला, “माफी तर मागायलेत, पण कूलर काई देईनात. आता ह्या माफीचं करावं काय?”

त्याच्या या प्रश्नाचं उत्तर नीट शोधावं म्हणून हा लेख.

आधी मोंढ्यात जाऊ

माफी म्हणजे काय हे समजायला आपला मोंढा पुरतो. समजा, तुम्ही सोयाबीनची दहा पोती घेऊन आलात आणि आडत्याच्या काट्यावर क्विंटलमागे दोन किलोचा फरक निघाला. नावाला जपणारा आडत्या काय करतो? तो म्हणतो, “माझा काटा चुकला.” पोती दुसऱ्या काट्यावर चढवतो. पट्टी फाडून नवी लिहितो आणि फरकाचे पैसे तिथेच हातावर ठेवतो. मग जुना काटा दुरुस्तीला पाठवतो आणि वैधमापनवाल्यांचा शिक्का बसेपर्यंत त्यावर कुणाचाच माल तोलत नाही.

यात ‘माफ करा’ हा शब्द कदाचित आलाही नसेल. तरी शेतकरी पुढच्या हंगामात त्याच दुकानी माल आणतो, कारण माफीचा सगळा ऐवज त्यात आहे. चूक कुणाची ते सांगितलं, नुकसान किती ते मोजलं, ते भरून दिलं आणि पुन्हा होऊ नये याची तजवीज केली.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली हेच तपासलं. माफीचे सहा भाग पाडून त्यांनी साडेसातशेच्या आसपास लोकांना विचारलं, यातला कोणता भाग मनाला पटतो? सगळ्यांत वजनदार ठरला तो ‘ही जबाबदारी माझी’ असं म्हणण्याचा. दुसरा, नुकसान भरून देण्याचा. आणि सगळ्यांत हलका ठरला तो ‘मला क्षमा करा’ ही विनंती. आता भावाला आलेलं उत्तर पुन्हा वाचा. कूलर फुटका निघाला ही जबाबदारी कुणाची, ते त्यात नाही. बदलून कधी देणार, तेही नाही. दिलगिरी तेवढी आहे.

मराठीतली माफी

आपल्या भाषेत यासाठी बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. ‘खेद वाटतो’ म्हणजे मला वाईट वाटलं, बस्स. शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली तरी मला खेद वाटतो, पण चोरी मी केलेली नसते. ‘दिलगीर’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ उदास, खिन्न. ‘क्षमस्व’ तर संस्कृतातली विनंती आहे, ‘क्षमा कर’. म्हणजे करायचं ते ग्राहकानंच! ‘आम्ही चुकलो’ हे दोन शब्द मात्र कंपन्यांच्या उत्तरांत मला क्वचितच दिसतात.

त्याहून बारीक गोष्ट व्याकरणात आहे. ‘गैरसोय झाली’. कुणी केली? कर्ताच नाही. ‘टाकी तडकलेली आढळून आली.’ जणू ती स्वतःहून तडकली. ‘आम्ही तडकलेली टाकी पाठवली’ असं लिहिलं की वाक्याला मालक मिळतो. कुठलाही माफीनामा हाती आला की आधी त्यातला कर्ता शोधा. आणि ‘आपल्याला त्रास झाला असल्यास’ असं काही दिसलं, तर त्या ‘असल्यास’पाशी थांबा. त्रास झाला की नाही याचीच तिथे शंका घेतलेली असते.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण २०१७चं आहे. ९ एप्रिलला शिकागोच्या विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सला आपल्या भागीदार कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. उतरायला नकार देणाऱ्या एका प्रवाशाला सुरक्षा अधिकाऱ्यांनी विमानातून ओढत बाहेर नेलं आणि इतर प्रवाशांनी त्याचा व्हिडिओ काढला. कंपनीचे प्रमुख ऑस्कर मुन्योझ यांनी आधी माफी मागितली ती ‘या प्रवाशांची दुसरीकडे सोय लावावी लागली’ याबद्दल. लोक त्या शब्दावर तुटून पडले. रक्ताळलेल्या माणसाला फरफटत नेण्याला सोय लावणं म्हणायचं? घटनेनंतर दोन दिवसांनी नवं निवेदन आलं, त्यात पूर्ण जबाबदारी घेतली होती. प्रसंग तोच, कंपनी तीच. बदलला तो फक्त वाक्यातला कर्ता.

इंडिगोच्या पहिल्या निवेदनातही कारणांची रांगच होती: तांत्रिक अडचणी, हिवाळी वेळापत्रक, हवामान, गर्दी आणि वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम. हे नियम वैमानिकांना पुरेशी झोप मिळावी म्हणून आले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू होणार, हे सगळ्या विमान कंपन्यांना आधीपासून ठाऊक होतं. नियोजनात आपण कमी पडलो, ही कबुली नंतर आली. लोकांना ऐकायचं होतं ते हेच, आणि पहिल्या दिवशी.

आपल्याकडच्या जुन्या पावत्यांवर, हिशेबाच्या चिठ्ठ्यांवर खाली छोट्या अक्षरांत एक ओळ असायची: ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. मला ही ओळ फार आवडते. हिशेब माझ्याकडून जास्त लागला असेल तर परत घ्या, कमी लागला असेल तर द्या. त्यात कुणी कुणाची क्षमा मागत नाही, पण देण्याघेण्याचा वायदा आहे.

अकरा मिनिटांत उत्तर देतो कोण?

बहुतेक वेळा कंपनीतला निर्णय घेणारा माणूस नसतोच. मोठ्या कंपन्या सोशल मीडियावर आपलं नाव कोण, कुठे घेतं यावर सॉफ्टवेअरनं पाळत ठेवतात. याला ‘सोशल लिसनिंग’ म्हणतात, मराठीत कानोसा घेणं. तुमची पोस्ट त्या जाळ्यात आली की ती एका टीमकडे जाते. पुष्कळदा ही टीम कंत्राटावर घेतलेल्या दुसऱ्याच संस्थेची असते. त्यांच्याकडे आधीच लिहून ठेवलेली उत्तरं असतात, हल्ली त्यातली बरीच यंत्रंच पाठवतात. त्यांचं काम मोजलं जातं ते पहिलं उत्तर किती मिनिटांत गेलं यावर. कूलर बदलून मिळाला का, हे मोजमाप दुसऱ्या विभागाचं, दुसऱ्या शहरातलं.

त्यामुळे उत्तर लिहिणाऱ्या त्या पोरा-पोरीवर रागावून उपयोग नाही. कूलर द्यायचा अधिकार त्यांच्या हातात नाही, दिलगिरी द्यायचा तेवढा आहे.

डीएममध्ये बोलावण्याची कारणं दोन. एक रास्त आहे. ऑर्डर नंबर, फोन, पत्ता सगळ्यांसमोर टाकू नये, तुमच्याच भल्यासाठी. दुसरं कारण असं की भांडण आतल्या खोलीत नेलं की बाहेरच्यांना फक्त दारातली माफी दिसते. नवं गिऱ्हाईक पोस्ट पाहतं आणि म्हणतं, बघा, लगेच उत्तर देतात. म्हणजे ती माफी तुमच्यापेक्षा बघ्यांसाठी जास्त लिहिलेली असते. हे एकदा कळलं की त्या वाक्यातला कोरडेपणा कळतो.

चूक सरळ कबूल का करत नाहीत?

वकील अडवतात. ‘आमची चूक झाली’ असं लेखी दिलं तर उद्या खटल्यात ते कबुली म्हणून पुढे येईल, ही भीती असते. ती अगदीच निराधार नाही. कॅनडात यावर उपाय म्हणून कायदेच झाले. ब्रिटिश कोलंबियानं २००६ साली आणि ओंटारिओनं २००९ साली ठरवलं की माफी मागितली म्हणजे दोष कबूल केला असं न्यायालयात धरायचं नाही. हेतू हा की माणसं मोकळेपणानं माफी मागू शकावीत.

मला मात्र वाटतं, कूलर-मिक्सरच्या प्रकरणांत ही भीती फुगवलेली आहे. ग्राहक आयोग बिल पाहतो, फोटो पाहतो, तुम्ही कधी कळवलं आणि कंपनीनं काय केलं ते पाहतो. ‘दिलगीर’ लिहिलं की ‘चुकलो’ लिहिलं यावर तडकलेली टाकी सांधली जात नाही.

निदान सॉरी तरी म्हणतात ना?

हा आक्षेप मी खूप ऐकलाय आणि त्यात तथ्य आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जर्मनीत ईबे या ऑनलाइन विक्री-मंचावरच्या एका विक्रेत्याच्या नाराज ग्राहकांना विनंती केली गेली की तुमचा वाईट शेरा मागे घ्या. काहींना त्यासाठी अडीच किंवा पाच युरो देऊ केले, काहींची नुसती माफी मागितली. पैशांसाठी २३ टक्क्यांनी शेरा मागे घेतला. माफीनंतर ४५ टक्क्यांनी. फुकटचे दोन शब्द पैशांपेक्षा जवळपास दुप्पट चालले! कंपन्या दिलगिरी इतकी सढळ हातानं का वाटतात, याचं एक उत्तर इथे आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट आणि सहकाऱ्यांनी उबरच्या १५ लाख प्रवाशांवर प्रयोग केला. ज्यांची गाडी उशिरा पोचली, त्यांतल्या काहींना नुसती माफी पाठवली, काहींना माफीसोबत पाच डॉलरचं कूपन. नुसत्या शब्दांचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. कूपन मिळालेले लोक पुढे उबर जास्त वापरू लागले. आणि ज्यांना पुन्हा पुन्हा उशीर आणि पुन्हा पुन्हा माफी वाट्याला आली, त्यांच्या बाबतीत माफी उलटली. न मागितलेली बरी, अशी वेळ आली. माफी म्हणजे एक वायदा असतो, पुढे असं होणार नाही हा. वायदा मोडला की आधीच्या चुकीवर खोटेपणाचाही भार चढतो.

भावाला नवव्यांदा तेच वाक्य आलं तेव्हा तो टाकीपेक्षा त्या वाक्यावर जास्त चिडला होता. लिस्ट यांच्या आकडेवारीत जे आहे, ते त्याला परभणीत बसून कळलं होतं.

सोशल मीडियावर बोंब मारल्याशिवाय ऐकतंय कोण?

खरं आहे. चारचौघांत बोलल्याचा धाक असतो. पोस्ट टाकूच नका असं मी म्हणणार नाही. पण ज्याला टॅग कसं करायचं ते येतं, ज्याची पोस्ट दहा जण पुढे पाठवतात, त्याचीच माफी मागितली जाते. ज्याच्याकडे प्रेक्षक नाहीत त्याचं काय?

२०२०चा खरीप आठवा. मराठवाड्यात सोयाबीन पेरलं आणि कित्येक रानांत ते उगवलंच नाही. लोकांनी उसनवारी करून दुबार पेरणी केली. तक्रारी इतक्या आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा कुठल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ आलं? एका बॅगेचे पैसे गेले, मशागत गेली, पेरणीचा वाफसा गेला आणि त्याला गैरसोय म्हणायलाही कुणी आलं नाही. कूलरच्या गिऱ्हाइकाला निदान कोरडी माफी मिळते. बियाणाच्या गिऱ्हाइकाला तीही नाही. हे मला फार लागतं.

आणि हक्क तर दोघांचाही सारखा आहे. बियाणं सदोष निघालं तर शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. त्यासाठी पावती, पिशवी, तिच्यावरचं लेबल आणि मूठभर शिल्लक बियाणं जपून ठेवायचं आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन शेताचा पंचनामा करून घ्यायचा. पंचनाम्याची प्रत हाती येईपर्यंत रान मोडायचं नाही.

माफीचं उत्तर आलं म्हणजे तक्रार नोंदली का?

नाही. सगळ्यांत जास्त माणसं इथेच फसतात. पोस्ट म्हणजे चावडीवर बोलणं आणि तक्रार म्हणजे आवक नोंदवहीत अर्ज चढवणं. चावडीवर सगळ्यांनी मान डोलावली म्हणून अर्जाला नंबर पडत नाही.

ऑनलाइन विक्रीसाठी २०२०चे नियम आहेत. प्रत्येक विक्री-मंचानं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यायचा. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. हे घड्याळ सुरू करायचं तर ईमेल त्या अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. नऊ दिलगिऱ्या जमवूनही माझ्या भावाचं घड्याळ सुरूच झालेलं नव्हतं.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फोन मराठीत करता येतो. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानं एक मोठी सोय केली. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. अपिलासाठी राज्य आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. पण मुदत दोन वर्षांची आहे. डीएममध्ये ‘आमची टीम लवकरच संपर्क साधेल’ वाचत बसलात तरी ती दोन वर्षं सरतच असतात.

बँकेच्या बाबतीत तर माफीची वाट पाहायचंच कारण नाही. यूपीआयनं दुकानदाराला पैसे पाठवले, खात्यातून गेले पण त्याला पोचले नाहीत, असं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाच्या खात्यात जमा व्हायला हवेत, तेही ग्राहकानं न मागता. मोंढ्यातल्या फरकाच्या पट्टीसारखाच हा नियम आहे.

खोटी माफी

एक धोका मात्र नक्की लक्षात ठेवा. तुम्ही जाहीर पोस्ट टाकली की ती कंपनीआधी भामट्यांच्या नजरेला पडू शकते. हुबेहूब नाव, तोच लोगो, तीच गोड भाषा: ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, रिफंडसाठी या नंबरवर बोला.’ मग एक लिंक येते, एखादं अ‍ॅप उतरवायला सांगतात किंवा यूपीआयचा पिन टाकायला लावतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. कंपनीचा नंबर तिच्या वेबसाइटवरून किंवा बिलावरून घ्या, उत्तरातून नको. फसलातच तर क्षणही न दवडता १९३० वर फोन करा. पैसा पुढे सरकण्याआधी तो गोठवता आला तरच हाती लागतो.

मग भावानं काय केलं?

आम्ही दोघांनी मिळून एक ईमेल लिहिला. त्यात राग नव्हता. कोणत्या तारखेला, किती रुपयांना कूलर घेतला, पेटी कधी उघडली, टाकी कुठे तडकलेली होती, पोस्ट कधी टाकली आणि उत्तरं कधी आली, ते क्रमानं लिहिलं. नऊही उत्तरांचे स्क्रीनशॉट जोडले. शेवटी तीनच प्रश्न विचारले: फुटका माल पाठवण्याची जबाबदारी कुणाची, कूलर बदलून देणार की पैसे, आणि कोणत्या तारखेला? तो निवारण अधिकाऱ्याला पाठवला, १९१५ वर नोंद केली आणि तो नोंद क्रमांक आधीच्याच पोस्टखाली टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. सुरुवात तीच, प्रिय ग्राहक, दिलगीर आहोत. पण खाली एका माणसाचं नाव होतं आणि पहिल्यांदाच एक तारीख होती.